ल्युसी नावाचा ड्रायव्हर

अल्फान्सो मिस्किटाला ‘हापूस’ हे नाव ऑफिसातल्या गुणाजी परबने ठेवलं. गुणाजी मूळचा देवगडकडचा, राहायला भांडुपला, त्यामुळे त्याच्या तोंडून हे नाव मिळणं म्हणजे मोठाच मान होता. अल्फान्सोला मात्र आधी वाटलं की हा आपली टिंगल करतोय. त्याने तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त पुढे कितीतरी दिवस गुणाजीने छापलेल्या प्रत्येक कागदाची डावी बाजू कापली जात राहिली आणि गुणाजी ‘मनोरमा कॅप्स’च्या जागी ‘रमा कॅप्स’ची चलनं वाटत फिरला.

मनोरमा कॅप्स ही औषधांच्या बाटल्यांची झाकणं विकणारी कंपनी. गोदाम भांडुपला, ऑफिस अंधेरीत, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत. मालकांना सगळे भाऊ म्हणत. झाकणाला कसली आलीत कागदपत्रं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल, पण झाकणांचं एक खोकं गोदामातून हलवायचं तर त्याच्यासोबत चलन लागतं, तपासणीचा दाखला लागतो, आणि औषधवाल्यांना हे सगळं छापील लागतं. प्रिंटर थांबला की झाकणं थांबतात, आणि झाकणं थांबली की भाऊ खुर्चीतून उठून येरझारा घालू लागतात. अशा वेळी सगळं ऑफिस एकाच माणसाची वाट बघायचं. तो माणूस अल्फान्सो. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते.

त्याचं घर मरोळच्याच गावठाणात, ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. ही सोय होती की शिक्षा, यावर नवरा-बायकोचं कधी एकमत झालं नाही. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून माणूस ताटावर बसतोय तोच फोन वाजायचा. अल्फान्सो कपाळाला आठ्या घालून उठायचा, ‘यांना माझ्याशिवाय काही म्हणजे काही जमत नाही’ असं वैतागून म्हणायचा, आणि जिना मात्र उड्या मारत उतरायचा. ल्युसीने लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओळखलं होतं की या वैतागात दम नाही.

आता या प्रिंटरचं सारखं बिघडायचं काय, तेही सांगायला हवं. प्रिंटर एकच होता, सुलक्षणाबाईंच्या टेबलाशेजारी ठेवलेला आणि सगळ्यांनी वाटून घेतलेला. हिशेबाचं खातं सुलक्षणाबाईंकडे आणि त्यांच्याच कॉम्प्युटरमधून बाकीच्यांचे कागद प्रिंटरकडे जायचे. प्रत्येक कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर म्हणजे नुसता फायलींचा गठ्ठा. प्रिंटर बनवणारे अधूनमधून त्याची नवी आवृत्ती काढत असतात आणि कॉम्प्युटर ती आपणहून मागून घेऊ बघतो. एकाकडे नवी, दुसऱ्याकडे जुनी अशी गत झाली, की दुभाषे आपसात भांडतात आणि कागदावर नुसते ठिपके-चौकोन उमटतात. म्हणून शहाणा माणूस सगळीकडे एकच आवृत्ती ठेवतो. अल्फान्सो चांगला शहाणा होता. पण त्याच्या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी आवृत्ती होती, आणि ती त्यानेच घातलेली होती.

या आवृत्त्यांना त्याने आकडे दिले नव्हते, माणसांची नावं दिली होती. ‘सुलक्षणा’ स्वच्छ छापायची, पण कागदाच्या एकाच बाजूला. ‘गुणाजी’ दोन्ही बाजूंना छापायचा, पण डावीकडे कापायचा. ‘भाऊ’ रंगीत छापायचा, पण कंपनीचं लाल चिन्ह त्यात चॉकलेटी यायचं, आणि इतकी वर्षं बघून बघून भाऊंना आता तोच खरा रंग वाटत होता. एकदा बाहेरून छापून आणलेल्या कॅलेंडरवर चिन्ह लाल आलं तर त्यांनी छापखानेवाल्याला झापलं होतं. कॉम्प्युटरने नवी आवृत्ती घेऊ का असं विचारलं, तर सगळ्यांनी ‘नंतर’ दाबायचं, असा अल्फान्सोचा हुकूम होता. सुलक्षणाबाई रोज सकाळी आल्या आल्या देवाला नमस्कार करायच्या आणि ‘नंतर’ दाबायच्या.

ही अक्कल अल्फान्सोला मिळाली होती ती ल्युसीच्या स्वयंपाकघरातून. गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटतात आणि बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बाटलीचा मसाला. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, आणि त्याचा एक पाळायचा नियम. गेल्या वर्षीच्या बाटलीत यंदाचा मसाला ओतायचा नाही, नाहीतर जुना जातो आणि नवाही जातो. दुसरा नियम कोणी उघड बोलत नाही, पण पाळतात सगळ्याजणी. नणंद म्हणा, जाऊ म्हणा, शेजारीण म्हणा, कुणीही कृती मागितली तर हसतमुखाने सांगायची, बसवून सांगायची, फक्त एक जिन्नस गाळायचा. मग त्या बाईचं कालवण चांगलं होतं, पण ल्युसीसारखं होत नाही, आणि सणावाराला ती बाटली मागायला ल्युसीच्याच दारात येते. अल्फान्सोने हा दुसरा नियम उचलला आणि ड्रायव्हरला लावला. प्रत्येकाला चालेल असा द्यायचा, पण एक जिन्नस कमी.

पुरा ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता असं नाही. होता, एका पेन ड्राइव्हमध्ये. त्या कंपनीच्या सगळ्या प्रिंटरना आणि सगळ्या कॉम्प्युटरना चालणारा, दोन्ही बाजूंना छापणारा, लालला लाल म्हणणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी तो त्याला सापडला आणि त्याने त्याचं नाव ठेवलं ‘ल्युसी’. बायकोच्या नावाची ही एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात केली होती आणि ती तिला सांगायची सोय नव्हती. पेन ड्राइव्ह कायम त्याच्या खिशात असायचा. तो सगळ्यांना दिला असता तर ऑफिस सुरळीत चाललं असतं, आणि सुरळीत चाललेल्या ऑफिसला अल्फान्सो मिस्किटा कशाला हवा होता? त्याला फार शिक्षण नव्हतं, वय उतरणीला लागलं होतं, आणि कुणीतरी आपल्याला हाक मारतंय यापलीकडे आपली किंमत काय, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला भीती वाटायची.

या भीतीची फळं घरच्यांनी भोगली. नादियाच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या साखरपुड्याला अल्फान्सोने फोन बंद ठेवला होता. ल्युसीची तशी सक्त ताकीद होती. म्हणून भाऊंनी निरोप द्यायला गुणाजीला पाठवलं. गुणाजीने कानात ‘ठिपके’ एवढाच शब्द सांगितला आणि अल्फान्सो अंगठ्या घालायच्या आधी मागच्या दाराने सटकला. गुणाजी मात्र राहिला. पोर्क विंदालू झकास होतं. फोटोवाल्याने मुलीच्या वडिलांना बोलवा म्हणून आरडाओरडा केला तेव्हा हातात बशी घेऊन तोच जवळ उभा होता. त्या अल्बमात आजही नादियाच्या उजव्या हाताला, बापाच्या जागी, गुणाजी परब प्रसन्नपणे हसतोय. नादिया हसण्यावारी न्यायची. पण एकदा अल्बम चाळताना ती त्या पानावर जरा जास्तच थांबली, आणि ते अल्फान्सोने बघितलं होतं.

लग्न जानेवारीत ठरलं. ल्युसीने भांडण केलं नाही. तिने शांतपणे सांगितलं, की या वेळी तू कुठल्याही कारणाने उठून गेलास तर नादियाला वेदीपर्यंत गुणाजी घेऊन जाईल, फोटोंची सवय आहे त्याला. तिची मस्करी कुठली आणि खरं कुठलं हे अल्फान्सोला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्याने लांब रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा.

जाताना त्याने ऑफिसात सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. कुठेही हात लावायचा नाही. अडलं तर फोन करा, मी आहे. लागलं तर लगेच येतो. सुलक्षणाबाई म्हणाल्या, निवांत जा रे. हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

आणि फोन आलाच नाही.

पहिल्या दिवशी तो मंडपवाल्यांशी बोलत होता पण कान खिशाकडे होते. दुसऱ्या दिवशी फोन बिघडला असेल म्हणून त्याने ल्युसीच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. तो वाजला. पाहुणे यायला लागले, दाराला उंबराच्या डहाळ्या लागल्या, बायका ओव्हनशी झटू लागल्या, आणि नवरीचा बाप कोपऱ्यात खुर्ची टाकून फोनकडे बघत बसलेला. पाहुण्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून खचलाय बिचारा. एका मावशीने तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शेवटी न राहवून त्याने ऑफिसात फोन केला, पापलेटं ऑफिसखालच्या कोळणीकडे चांगली मिळतील का असं काहीतरी विचारलं, आणि मग सहज विचारल्यासारखं करून प्रिंटरची चौकशी केली. सुलक्षणाबाई म्हणाल्या, सगळं मस्त चाललंय. मागे प्रिंटरची घरघर ऐकू येईल म्हणून त्याने कान टवकारले. काही आवाज नव्हता. म्हणजे आवाज न करणारा नवीन प्रिंटर आला, त्याच्यासोबत नवीन माणूस आला, सगळीकडे एकच आवृत्ती घातली गेली, आणि आपली वाट लागली, असा हिशेब त्याने पापलेटं घरी येईपर्यंत पुरा केला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर त्याला रडू येत होतं ते प्रिंटरसाठी, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी. नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायचं, सगळ्या गावठाणाने नाचत जायचं. क्रूसामागच्या विहिरीजवळ माणसं जमली होती, बँडवाले पिपाण्या पुसत होते. ऑफिसची मंडळीही आली. भाऊ सफारीत, दोन्ही हात पॅन्टच्या खिशात. ल्युसीने हात पुढे केला तर त्यांनी खिशातले हात न काढता कमरेतून वाकून नमस्कार केला. सुलक्षणाबाईंनी उजवा हात पदरात गुंडाळलेला. अल्फान्सोला वाटलं, हे आपल्यापासून तोंड लपवतायत, आणि त्याचा संशय पक्का झाला. तेवढ्यात गुणाजीने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची बोटं निळी होती, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

मेंदी लावलीस का, असं अल्फान्सोने विचारलं. गुणाजी हो म्हणाला. निळी मेंदी कुठे मिळते असं विचारल्यावर मात्र त्याला पुढचं खोटं सुचेना, कारण तो या कामात कच्चा होता. त्याने सगळं ओकून टाकलं.

झालं होतं ते असं. अल्फान्सोला लग्नात त्रास होऊ नये म्हणून, तो गेला त्याच दिवशी भाऊंनी नवा प्रिंटर आणला. जुना बिघडलाच तर हा असावा, एवढाच त्यांचा चांगला हेतू. त्याच कंपनीचा घेतला, म्हणजे कसा ओळखीचा पडेल. गुणाजीने तो हौसेने जोडला आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर त्याचा ड्रायव्हर घातला. आता एकाच कंपनीचे दोन प्रिंटर बऱ्याच फायली सामाईक वापरतात, हे त्याला कुणी सांगायचं? नव्याच्या फायली जुन्यांच्या डोक्यावर बसल्या. जुना प्रिंटर ठिपके काढायला लागला, आणि नव्याचं अल्फान्सोच्या आवृत्त्यांशी जमेना म्हणून तो कोरेच कागद बाहेर टाकायला लागला. त्या दिवसापासून ऑफिसात एक ओळ छापली गेली नव्हती. सुलक्षणाबाईंनी कपाटाच्या तळातून जुने कार्बन पेपर शोधले आणि सगळं ऑफिस, भाऊंसकट, औषधवाल्यांची मनधरणी करून हाताने चलनं लिहीत बसलं होतं.

अल्फान्सोने विचारलं, मग मला फोन का नाही केला?

“भाऊंनी सगळ्यांका बजावल्यानी,” गुणाजी म्हणाला. “हापूसाक फोन करूचो नाय. तेच्या चेडवाचा लगीन आसा.”

अल्फान्सोने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी ओशाळून खिशातले हात बाहेर काढले. ते मनगटापर्यंत निळे होते, मालकाला कार्बन सरळ लावायची सवय नव्हती.

इतके दिवस छातीवर बसलेला दगड एका क्षणात उतरला, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आपल्याला विसरले नव्हते. आपल्यासाठी हात निळे करून घेतले होते. आणि या सगळ्यावरचा इलाज इतकी वर्षं आपल्या खिशात होता. त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. ऑफिस दोन गल्ल्यांवर होतं, गेला असता तर शेवटची कळशी भरायच्या आत परत आला असता. त्याचा एक पाय वळलाही.

बँड सुरू झाला. नादियाने कळशी उचलली आणि वळून पाहिलं. बाप जागेवर आहे का, एवढंच तिने बघितलं. ल्युसी जवळ आली आणि तिने गुणाजीलाच विचारलं काय ते. गुणाजीने दोन वाक्यांत सांगितलं. इतक्या वर्षांत नवऱ्याचं काम तिला पहिल्यांदाच समजलं.

“म्हणजे जुन्या बाटलीत नवा मसाला ओतलात,” ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता बायकांत जाऊन उभी राहिली.

गुणाजी हळूच म्हणाला, “हापूस, तू आता गेलंस तर फोटोत परत मीच उभो रवतलंय.”

अल्फान्सोने पेन ड्राइव्ह काढला आणि सुलक्षणाबाईंच्या निळ्या हातावर ठेवला. आधी सगळ्यांचे जुने-नवे ड्रायव्हर पुसायचे, मग सगळीकडे हा एकच घालायचा, विचारलं की ‘हो’ म्हणायचं, दोन्ही प्रिंटर चालतील, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. सुलक्षणाबाईंनी पेन ड्राइव्ह उलटापालटा करून पाहिला.

“हे कधीपासून आहे तुझ्याकडे?”

“बरीच वर्षं झाली, बाई.”

त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू आयुष्यभर दाबलेलं प्रत्येक ‘नंतर’ त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होतं. भाऊंनाही कळलं असावं. पण भाऊ येरझारा घालणारे असले तरी मनाचे मोठे होते. ते म्हणाले, लग्न होऊ दे, ते काय सोमवारी बघू, आधी पाणी आणा. आणि कुणीच ऑफिसात गेलं नाही. रिवाजाप्रमाणे विहिरीत वाइनचे चार थेंब पडले, कळशा भरल्या, आणि अल्फान्सो मिस्किटा मुलीच्या पुढे असा नाचला, की मावशींना वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. त्या संध्याकाळच्या सगळ्या फोटोंत तो आहे. खांद्यावर चार निळी बोटं उमटलेला कोट घालून आहे. तोच कोट घालून तो दुसऱ्या दिवशी नादियाला वेदीपर्यंत घेऊन गेला. धोब्याला ते डाग निघाले नाहीत आणि ल्युसीने पुढे काढूही दिले नाहीत.

सोमवारी सुलक्षणाबाईंनी स्वतःच्या हाताने सगळीकडे ‘ल्युसी’ घातली. पडद्यावर ते नाव वाचून गालात हसल्या, पण त्यांनी नावावरून त्याला छेडलं नाही. अल्फान्सो मागे हात बांधून उभा होता आणि ते त्याला जड जात होतं. पहिलं चलन छापून आलं ते दोन्ही बाजूंना, डावीकडे न कापलेलं. भाऊंनी मात्र चिन्ह लाल आल्याबद्दल तक्रार केली. त्यानंतर आठवडाभर अल्फान्सोला कुणी हाक मारली नाही. तो टेबलाशी बसून राहायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. जिना एकेक पायरी करून चढायचा. ल्युसी बघत होती.

रविवारी ताटं वाढली आणि फोन वाजला. ल्युसीचा हात भातावर थांबला. अल्फान्सोने फोन कानाला लावला आणि सवयीने विचारलं, ठिपके की कोरा?

पलीकडे गुणाजी होता. प्रिंटरचं काही नव्हतं. लग्नात ल्युसीने त्याच्या बायकोला मसाल्याची कृती सांगितली होती, बसवून, हसतमुखाने. तिने तसा कुटून आज कोंबडी केली होती. झाली चांगली, पण वहिनीसारखी नाही, काहीतरी कमी पडतंय, आणि हे हापूसला नाही विचारायचं तर कोणाला, असं तो म्हणत होता. तसा तू उद्या भेटशीलच, पण आज आठवण आली म्हणून केला फोन.

अल्फान्सोने बायकोकडे बघितलं. ल्युसी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मग तिने पदराला हात पुसले, त्याच्या हातातून फोन घेतला, आणि शेजारच्या घरात ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाली,

“नागकेशर घाल म्हणावं तिला. मूठभर.”

आणि फोन नवऱ्याच्या हातात परत देऊन ती त्याच्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढायला वाकली.